अकरा कार्डं, एक अंगठा

परवा जुन्या शाळेची पत्रिका आली. वाचन महोत्सव आहे, सहकुटुंब यावं, वगैरे वगैरे. मागच्या पानावर मार्था टीचरचा फोटो छापलाय. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. फोटोखाली लिहिलंय, ‘सदा हसतमुख, मृदुभाषी, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या, घराघरात वाचन नेणाऱ्या आमच्या लाडक्या शिक्षिका.’

घराघरात वाचन नेलं, तेवढं सोडलं तर एक अक्षर खरं नाही. हसतमुख? तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांचं हसणं मला दोनदाच आठवतं, त्यातलं एक मी पायरीवरनं घसरून पडले तेव्हाचं. मृदुभाषी म्हणे! त्या वर्गात बोलायला लागल्या की रस्त्यावरचा भाजीवाला गाडा थांबवायचा. आणि लाडक्या कुणाच्या? ज्यांनी त्यांना फाटकाबाहेर घालवलं त्यांच्या? मेलेल्या माणसाला साखरेत घोळायची ही जी खोड आहे ना, तिचा मला भयंकर संताप येतो. म्हणून हे लिहायला बसले. मार्था टीचर रागीट होत्या, आणि त्यांचा राग लाख मोलाचा होता, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

मी लोहा गावची. घरात डी.एड. झालेली पहिलीच. लातूरला कॉन्व्हेंटात लागले तेव्हा बाविसाव्यात होते. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, जिकडंतिकडं कचेऱ्यांच्या पाट्या रंगवणं चाललं होतं. आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस रुसला. एकीकडं साहेबलोकांच्या जीपा, दुसरीकडं टँकरपुढं घागरींची रांग, असं ते गाव होतं.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले तर एक बुटकी, काळीसावळी बाई खिडकीत उभ्याउभ्या वाचत होती. पांढरं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. मी सवयीनं “जयभीम” म्हणून गेले आणि जीभ चावली. मिशनची शाळा, काय म्हणतील! त्यांनी वर न बघता “जयभीम” म्हटलं, पान संपवलं आणि माझ्या हातात पुठ्ठ्याच्या कार्डांची चळत ठेवली. प्रत्येक कार्डावर पोराचं नाव, खाली तारखांचे चौकोन, आणि वर मोठ्या अक्षरात एकच शब्द, ‘ऐकलं’.

पद्धत अशी होती. पोरानं रोज संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचायचं. घरातल्या एका मोठ्या माणसानं ऐकायचं. ऐकून झालं की त्या दिवसाच्या चौकोनात सही, सही येत नसेल तर अंगठा. अंगठ्यासाठी शाई कुठली आणायची? तर टीचर बामाच्या रिकाम्या डब्या गोळा करायच्या, त्यात शाईत भिजवलेलं फडकं घालायच्या आणि एकेका घरी एकेक डबी द्यायच्या. आमच्या शाळेतल्या अर्ध्या आयांचे अंगठे त्या काळी निळे असत.

मी शहाणपणा केला. म्हटलं, “टीचर, या वस्तीवरच्या बाया अडाणी आहेत. त्या अभ्यासात काय मदत करणार?”

टीचरनी डस्टर टेबलावर आपटलं. पोराला त्यांनी कधी बोट लावलं नाही, टेबलाला मात्र दया दाखवली नाही.

“अडाणी म्हंजे भैऱ्या हायत का गं? वाचायला शाळा लागती. ऐकायला काय लागतंय? तुझी आई शिकली होती का?”

“न्हाई.”

“मग तू कुणाच्या जिवावर शिकलीस?”

माझी आई चुलीपुढं बसून माझं वाचन ऐकायची, आणि मी पान गाळलं की तिला बरोबर कळायचं. हे या बाईला कसं कळलं, हेच मला समजेना.

टीचर जालन्याकडच्या. वडील मिशनचे प्रचारक होते, एवढंच मला ठाऊक. लग्न का केलं नाही, घरी कोण होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. रविवारी मिस्सा संपली की लोक चर्चच्या आवारात गप्पा मारत उभे राहायचे, तेव्हा टीचर दारात छत्री आडवी धरून उभ्या. “पोरानं एक पान वाचून दाखवल्याबिगर कुणी घरी जायचं न्हाई.” फादरसुद्धा अडकायचे. एकदा फादर घाईत होते, बाजूनं निसटायला लागले, तर टीचर म्हणाल्या, “फादर, तुमचं आम्ही तासभर ऐकलं. आता पाच मिनटं पोराचं तुम्ही ऐका.” फादर बिचारे बाकावर बसले.

दुष्काळ वाढला तशा वस्तीवरच्या बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागल्या. उन्हं उतरल्यावर घरी येऊन त्या पडायच्या ते मेल्यागत. कार्डांवरचे चौकोन रिकामे दिसायला लागले. टीचरनी काय करावं? शाळा सुटली की पंचवीस-तीस पोरं रांगेत घेऊन थेट कामावर. मीही होते बरोबर, तोंडावर पदर घेऊन. मुकादम धावत आला.

“ओ बाई, ही काय शाळा हाय का? काम बंद पाडून राहिलात तुम्ही!”

“हातोडा हातानं मारत्यात ना बाया?” टीचर म्हणाल्या. “का कानानं मारत्यात?”

“तसं न्हाई, पण...”

“मग कान मोकळेच हायत त्यांचे. ए सुनंदा, बस आईजवळ. वाच. मोठ्यानं वाच, हातोड्याच्या वर आवाज गेला पायजे.”

पोरं आपापल्या आयांजवळ दगडांच्या ढिगावर बसली आणि वाचायला लागली. मुकादम कमरेवर हात ठेवून बघत राहिला. टीचरनी त्याच्याकडं एक पोरगं ढकललं, ज्याची आई त्या दिवशी आली नव्हती. “तुम्ही रिकामेच उभे, तर याचं ऐका.” मुकादमानं ऐकलं. वर कार्डावर झोकात सहीही केली. नंतर दोन महिने तो स्वतःच विचारायचा, “बाई, त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं?” हे त्या पत्रिकेत छापा म्हणावं. नाही छापणार.

ही सुनंदा म्हणजे चौथीतली. स्टेशनामागच्या वस्तीतली, काडीसारखी पोरगी, पण वाचायला लागली की वर्ग चिडीचूप. टीचर कुणाचं कौतुक करत नसत. सुनंदाचं वाचन झालं की फक्त चष्मा काढून पुसायच्या. आम्हाला त्यावरून कळायचं.

दिवाळीनंतर खडीचं कामही बंद पडलं. वस्तीतली माणसं ऊसतोडीला, पुण्याकडं बांधकामावर निघाली. पोरं बरोबर न्यायची, हे तर ठरलेलंच. टीचर वस्तीत गेल्या आणि दारोदार भांडल्या. “तुम्ही जा. पोरं हितंच ठेवा. शाळा मोडू नका.” सुनंदाचा बाप म्हणाला, “बाई, आमी हितं न्हाई म्हणल्यावर पोरीचं नाव काढलं तर?” टीचर म्हणाल्या, “कोण काढतंय? मी शब्द देते. मी हाय तवर एकाचं नाव निघणार न्हाई.”

त्या शब्दावर अकरा पोरं मागं राहिली. ख्रिस्ती, बौद्ध, मुसलमान, सगळी मिसळ. कुणाची म्हातारी आजी घरात, कुणाचा थोरला भाऊ, कुणी शेजाऱ्याच्या आसऱ्याला. आणि ह्या अकरांना संध्याकाळी घेऊन बसायची चांदबी. साठीची बाई, गोधड्या शिवून पोट भरायची, स्वतःचं लेकरू नाही. ती गोधडी शिवत बसायची आणि तिच्या भोवती अकरा पोरं, अकरा पुस्तकं, सगळी एकाच वेळी मोठ्यानं वाचायची. कारण दिव्यात तेल तेवढंच, एकेकानं वाचायचं म्हटलं तर शेवटच्याला अंधारात वाचावं लागलं असतं. वाचन झालं की चांदबी बामाच्या डबीत अंगठा बुडवायची आणि अकरा कार्डांवर उठवायची.

आता इकडं शाळेचं ऐका. नव्या जिल्ह्याबरोबर साहेबलोक आले, त्यांची पोरं आली. कॉन्व्हेंट गावात एकच. आमच्या प्रिन्सिपल सिस्टर, नाव बेनेडिक्टा, वाईट नव्हत्या. पण मोठी गाडी फाटकात शिरली की त्यांची मान आपोआप लवायची. जागा कुठून आणणार? मग नियम निघाला: ‘वाचनदिनाला प्रत्येक मुलाचे आई किंवा वडील हजर पाहिजेत. घरी वाचन होत असल्याचा पुरावा पाहिजे. ज्या घराला शिक्षणात रस नाही, त्या मुलाची जागा दुसऱ्याला दिली जाईल.’ बघा हां, मार्था टीचरनी घरं शाळेत आणायला जे कार्ड काढलं, तेच कार्ड घरं बाहेर काढायला वापरलं!

कार्डं तपासली. अकरा कार्डांवर एकच अंगठा.

सिस्टरनी टीचरना ऑफिसात बोलावलं. चौथीच्या दुसऱ्या तुकडीची टीचर म्हणून मलाही बोलावलं. “हे खोटं आहे, मार्था. एका माणसाने बसून सगळे अंगठे केले.”

“एका माणसानं बसून सगळ्यांचं ऐकलं,” टीचर म्हणाल्या. “बोलवा तिला. इचारा.”

चांदबीला आणलं. ती बिचारी दारातच थांबली, चपला हातात घेऊन. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही ऐकलं ना? मग सांगा, काय ऐकलं?”

चांदबीनं पदर सावरला आणि सुरू केलं. “एक राजा था. उसकी नाव डुबी. नाव में शेर बैठेला था, उसका दात दुख रा था. फिर एक मेंढकी आई, बोली मैं सूरज कू खाती. सूरज डर के कुवे में छुप्या. कुवे में पानी नै था...”

सिस्टरना हसू आवरेना. ऑफिसातला क्लार्कही हसला. आणि देवाशपथ सांगते, मीही हसले. अकरा पोरांनी एकदम वाचलेल्या अकरा गोष्टी त्या म्हातारीच्या डोक्यात एकच गोष्ट होऊन बसल्या होत्या. ती सांगत गेली. उंट आला, आंधळा शिंपी आला, मीठ न खाणारी राजकन्या आली, सगळे त्या कोरड्या विहिरीपाशी जमले.

“पुरे,” सिस्टर म्हणाल्या. “अशी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही.”

तेव्हा टीचरनी टेबलावर हात मारला. शाईची दौत उडाली. “थांबा!” त्यांनी अकरा कार्डं उचलली आणि एकेक टेबलावर आपटत गेल्या. “राजा, ह्या पोराचं पुस्तक. बुडालेली नाव, सुनंदाचं. वाघाचा दात, हे. बेडकी, हे. उंट, हे. शिंपी, हे. मोजा, सिस्टर! अकरा पुस्तकं, अकराच्या अकरा तिच्या गोष्टीत हायत. एका पोराचं गाळलं न्हाई तिनं. तुमच्या साहेबांच्या बंगल्यात एका तरी बापाला इचारा, पोरानं काल काय वाचलं म्हणून!”

खरंच अकरा होती. मी मोजली. फक्त विहीर कोरडी असल्याचं कुठल्याच पुस्तकात सापडेना. चांदबी हळूच म्हणाली, “वो किताब में नै बाई. वो मैं मिलाई.”

सिस्टरनी कार्डं गोळा करून नीट चळत लावली. मला वाटलं, जिंकलो. मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण ही त्यांची कोण लागते? नियमात आई-वडील लिहिलं आहे.”

टीचरचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की जास्त भीती वाटायची. “रविवारी वेदीपुढं आपण सगळी एका बापाची लेकरं असतो, सिस्टर. सोमवारी तुम्ही नातं इचारता?”

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक कागद फिरला: ‘खालील अकरा विद्यार्थ्यांचे घरी वाचन झाल्याचे आढळले नाही.’ खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या. मी नोकरीत कायम व्हायला चार महिने राहिले होते. लोह्याला वडील गावभर सांगत फिरत होते, पोरगी कॉन्व्हेंटात टीचर हाय म्हणून. मी सही केली. चांगल्या वळणदार अक्षरात केली. टीचर शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यावर रागावल्या नाहीत.

टीचरनी सही केली नाही. ‘आढळले’च्या पुढचं ‘नाही’ त्यांनी रेघ मारून खोडलं आणि कागद परत दिला. मग त्यांना सांगण्यात आलं की तुम्हीही उद्यापासून येऊ नका.

वाचनदिन थाटात झाला. मांडव घातला, पुढं सोफे टाकले, पाण्याचा टँकर खास मागवला, तो मांडवाच्या मातीवर शिंपडला. एका साहेबांच्या बाईनं भाषण केलं की आम्ही घरी इंग्रजी मासिकं ठेवतो. त्या कुटुंबाला ‘आदर्श वाचक कुटुंब’ म्हणून ढाल दिली. सूत्रसंचालन कुणी केलं? मी केलं.

त्याच सकाळी मार्था टीचर अकरा पोरं घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात उभ्या होत्या, असं नंतर कळलं. हेडमास्तरांशी तीन दिवस भांडल्या. सात पोरांना तिथं जागा मिळाली. चौघांच्या आईबापांना कळलं की नाव निघालं, ते आले आणि पोरं घेऊन गेले. सुनंदा त्या चौघांत होती. तिचा बाप म्हणे टीचरच्या दारात येऊन एवढंच बोलला, “बाई, तुमचा शब्द होता.” टीचरनी त्याला पाणी दिलं, हात जोडले. त्यानंतर महिन्याभरात त्या लातूर सोडून गेल्या.

मी कायम झाले. पुढं त्याच शाळेत सुपरवायझर झाले, निवृत्तही झाले. ‘ऐकलं’ कार्ड शाळेनं अजून ठेवलंय, आता गुळगुळीत छापतात, सहीची जागा आहे, अंगठ्याची नाही.

पंधराएक वर्षांनी एका लग्नासाठी देगलूरला गेले होते. परत यायला बसस्टँडवर उभी होते तर ओळखीचा आवाज आला. मार्था टीचर! केस पांढरे झाले होते, चष्म्याला अजून दोरा. एका म्हातारीला कंडक्टर गाडीत घेत नव्हता, आणि टीचर त्याला मराठी-तेलुगू मिसळून असं झाडत होत्या की सगळं स्टँड गोळा झालं. म्हातारी चढली. मग टीचर वळल्या आणि मी समोर.

“जयभीम,” त्या म्हणाल्या. त्यांनीच आधी.

मला रडू यायला लागलं. किती वर्षांचं तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं बोलले, “टीचर, मी चुकले. मला माफ करा.”

“मला कामून सांगून राहिलीस?” त्या भडकल्या. खरंच भडकल्या, डोळे पहिल्यासारखे लाल. “माझं काय गेलं? मला हितं शाळा मिळाली, पगार हाय, पोरं हायत. माझी माफी मागून तुला रात्री झोप येईल, दुसरं काय होईल?”

मी मान खाली घातली. लोक बघत होते.

“सुनंदा उदगीरला हाय,” त्या म्हणाल्या. “लगीन झालं, दोन लेकरं हायत. मी जाते अधनंमधनं. तिला अजून वाटतंय, तिला वाचता येत न्हवतं म्हणून तिचं नाव काढलं. बापानं तो कागद कुणाकडनं तरी वाचून घेतला होता, त्यात तसंच लिवलं होतं ना, वाचन झालं न्हाई म्हणून. मी सांगून सांगून थकले, तिला पटत न्हाई. म्हणती, बाई, तुम्ही माया करता म्हणून बोलता. सगळ्या टीचरच्या सह्या होत्या की खाली.” त्या एक पाऊल पुढं आल्या. “तू सही केली होतीस. तू सांगितलंस तर पटंल तिला. जा. तिच्या तोंडावर सांग की ती वाचायची, आन् आपण सगळे खोटं बोललो.”

त्यांच्या गाडीनं घंटी दिली. त्या चढल्या, खिडकीजवळ बसल्या आणि गाडी हलली तरी ओरडत राहिल्या. “स्टँडाच्या मागनं जा! पिठाची गिरणी लागती! गिरणीच्या बोळात, डाव्या हाताला, तिसरं दार! ऐकून राहिलीस ना?”

मी मान हलवली. ते माझं त्यांना शेवटचं बघणं.

उदगीरची एस.टी. दर तासाला आमच्या दारावरनं जाते. मी अजून गेलेले नाही.